सात पायांचा कोळी

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की मोजायला बसलं तर मोजणाराच म्हातारा व्हायचा. तेव्हा समुद्रापल्याड, आफ्रिकेतल्या बामिलेके लोकांच्या हिरव्या डोंगरांत एक लहानसं राज्य होतं. ते नकाशात शोधू नका, सापडणार नाही. ते या गोष्टीपुरतंच आहे, आणि पुढे ज्या रीती सांगणार आहे त्याही या गोष्टीतल्याच आहेत.

त्या राज्यात माणूस कोण आहे हे त्याच्या कपड्यांवरून कळत नसे. तो कशावर बसतो यावरून कळे. प्रत्येकाचं स्वतःचं एक लाकडी स्टूल असे. चौरंग म्हणावा, तर त्याला चार सरळ पाय नसत. पाट म्हणावा, तर ते गुडघ्याएवढं उंच असे. म्हणून आपण स्टूलच म्हणू. वर गोल बैठक, खाली गोल बूड, आणि मध्ये बैठक तोलून धरणारं कोरीवकाम. साध्या माणसाच्या स्टुलाला साधे खांब असत. मानकऱ्याच्या स्टुलाखाली रेड्याची डोकी असत. आणि बिबट्या फक्त राजाच्या बैठकीखाली उभा राही.

पण साधं असो की राजाचं, प्रत्येक स्टूल एकाच ओंडक्यातून कोरलेलं असलं पाहिजे, हा नियम होता. खिळा नाही, डिंक नाही, जोड नाही. राज्य जसं एकसंध, तसं आसनही एकसंध, असं तिथले लोक मानत.

दुसऱ्याच्या स्टुलावर कोणी बसत नसे. आणि कोणाचंही स्टूल कधी पालथं घालत नसत. ते फक्त एका प्रसंगी घालत. एखाद्याच्या हातून राज्याला खाली बघायला लावणारा अपराध घडला, की त्याचं स्टूल त्याच्याच अंगणात, सगळ्यांदेखत पालथं घालत. मग त्या माणसानं राजाची माफी मिळेपर्यंत जमिनीवर बसायचं. सभेत जमिनीवर, बाजारात जमिनीवर, लेकीच्या लग्नातही जमिनीवर. त्याला कोणी मारत नसे, हाकलत नसे. लोक त्याच्याशी बोलत, फक्त बोलताना खाली बघत. तेवढं पुरे होई.

या राज्यात एक कारागीर होता. स्टुलं कोरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ही गोष्ट त्याच्याइतकी दुसऱ्या कोणालाही पाठ नव्हती. पाहुणा आला की त्याला पाणी देण्याआधी तो आपलं एखादं स्टूल आणून दाखवी.

"खालून चाचपून बघा," तो म्हणे. "कोळी सापडतो का बघा."

आता हे कोळ्याचं काय, ते सांगितलं पाहिजे. जमिनीत बीळ करून राहणारा कोळी हा तिथे शहाणा प्राणी मानला जाई. जे झाकलेलं असतं, ते त्याला दिसतं, असं म्हणत. म्हणून जुन्या कारागिरांची एक रीत होती. कोरताना हात चुकला, भेग गेली, टवका उडाला, तर ती जागा लपवायची नाही. तिच्यावर एक लहानसा कोळी कोरायचा. मग स्टूल घेणाऱ्याकडे जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगायचं, की इथे माझा हात चुकला आहे. घेणारा ते घेई किंवा न घेई. पण कोळी बघून कोणी हसत नसे. एखाद-दुसरा कोळी नाही असं स्टूल जुन्या घरांतून क्वचितच मिळे.

आमच्या कारागिराच्या स्टुलांवर मात्र कोळी नव्हता. बरीच वर्षं नव्हता. खरंच त्याचा हात बसलेला होता, ते खोटं नाही. पण हळूहळू लोक बिनकोळ्याचं स्टूल मागू लागले, आणि हळूहळू त्यालाही कोळी म्हणजे बट्टा वाटू लागला. दुसऱ्या कारागिराच्या हातचं स्टूल उचलून तो हसत हसत म्हणे, "वा! काय माजलेत कोळी यांच्या घरात!"

त्याला लाकूड आणून देणारा एक लाकूडतोड्या होता. म्हातारा, कमरेत वाकलेला, बोलायला कमी. रानातलं झाड निवडायचं, त्याची क्षमा मागून ते तोडायचं, ओंडका चुलीवरच्या माळ्यावर दोन पावसाळे धुरात वाळवायचा आणि मग कारागिराच्या अंगणात आणून टाकायचा, हे त्याचं काम. तो बोटानं ओंडक्यावर टकटक करी, कान लावी, आणि "हं, चालेल" म्हणे. तो चालेल म्हणाला की चालेच. चाळीस वर्षांत त्याचं लाकूड कधी कुजकं निघालं नव्हतं.

तो जाई तिथे आपलं स्टूल पाठीला बांधून नेई. साधंच होतं ते, थोडं वेडंवाकडंही. कारागिरानं शिकत असताना कोरलेलं ते पहिलं स्टूल. कारागिराला ते आता बघवत नसे.

"बाबा," तो म्हणे, "ते फेका की आता. तुम्हाला नवं देतो. माझ्या नावाला बट्टा आहे तो."

"बसायला बरं आहे रे," म्हातारा म्हणे, आणि त्यावरच बसून राही.

मग एके वर्षी राजा वारला. त्याचं स्टूल त्याच्याबरोबर मातीत गेलं, आणि त्याच्या तरुण मुलासाठी नवं स्टूल करायचं ठरलं. नव्या स्टुलावर बसल्याशिवाय तो राजा होणार नव्हता. बसण्याचा सण ठरला, आणि बिबट्याचं स्टूल कोरायचं काम अर्थातच आमच्या कारागिराकडे आलं.

राजमाता मोठी समजूतदार बाई होती. तिनं कारागिराला बोलावून सांगितलं, "घाई करू नकोस. वेळ लागला तर सांग. माझा मुलगा आणखी दोन आठवडे चटईवर बसला म्हणून आभाळ कोसळणार नाही."

त्यांचा आठवडा आठ दिवसांचा असे. म्हणजे सोळा दिवस.

"आईसाहेब," कारागीर म्हणाला, "मला एक दिवसही जास्त लागायचा नाही."

म्हाताऱ्या लाकूडतोड्यानं ओंडका आणून टाकला. काळसर, घट्ट, धुराचा वास येणारा. टकटक केलं, कान लावला.

"हं, चालेल," तो म्हणाला. "याच झाडाचा दुसराही एक ओंडका माझ्या माळ्यावर ठेवलाय. तसाच वाळलेला. हा मोडला, तर तो आहे."

कारागिराच्या अंगणात तेव्हा चार माणसं जमली होती. तो त्यांच्याकडे बघून मोठ्यानं हसला.

"मोडेल? बाबा, कोणाशी बोलताय तुम्ही? तो दुसरा ओंडका चुलीत घाला आणि रताळी भाजा त्याच्यावर!"

माणसं हसली. म्हाताराही थोडं हसला, आणि पाठीला स्टूल बांधून निघून गेला. ओंडका मात्र त्यानं चुलीत घातला नाही.

काम सुरू झालं. वाकसानं ढोबळ आकार निघाला, पटाशीनं बारीक. बिबट्याचं डोकं आलं, पाठ आली, शेपूट आली. रोज कोणी ना कोणी बघायला येई, आणि बघणारं कोणी आलं की कारागिराचा हात जरा जास्तच झोकात चाले. एका दुपारी दोन तरुण मानकरी आले. कारागीर त्यांच्याशी बोलत बोलत कोरत होता, लाकडाकडे न बघता.

"डोळे मिटून कोरू का?" त्यानं विचारलं. "बघा हं!"

आणि खरंच त्यानं डोळे मिटून चार घाव घातले, चारही बिनचूक. मानकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, वाहवा केली आणि ते गेले. कारागिराच्या तोंडावरचं हसू अजून गेलं नव्हतं. ते फाटकातून बाहेर पडले का, हे बघत त्यानं पाचवा घाव घातला.

कट् असा आवाज झाला. बिबट्याचा मागचा उजवा पाय मांडीपासून तुटून कारागिराच्या मांडीवर पडला.

त्यानं तो पाय उचलला. मग उगीचच पुन्हा जागेवर लावून पाहिला, जसं लहान मूल फुटलेलं मडकं लावून बघतं. अंगणात कोणी नव्हतं.

आता खरं सांगायचं, तर अजून काही बिघडलं नव्हतं. दुसरा ओंडका म्हाताऱ्याच्या माळ्यावर होता. सोळा दिवसांची सवड राजमातेनं आपणहून दिली होती. म्हाताऱ्याच्या दारात जायचं, आणि चार शब्द बोलायचे: बाबा, माझा हात चुकला. पण कारागीर जागचा उठला नाही. तीच चार माणसं पुन्हा जमतील. रताळी भाजली का, असं विचारतील. हसतील. बिबट्याच्या तुटक्या पायापेक्षा त्याला त्या हसण्याची भीती जास्त वाटली.

त्यानं दार लावून घेतलं. मांडीत भोक पाडलं, पायात भोक पाडलं, मध्ये लाकडाची खुंटी बसवली, राळ वितळवून जोड भरला आणि वरून काजळी घासली. संध्याकाळपर्यंत पाय असा काही बसला, की स्वतः त्यालाही जोड शोधावा लागला. लपवाछपवीतही त्यानं कसब सोडलं नाही, एवढं म्हणायला हवं.

राजाच्या स्टुलावर रंगीत मण्यांचं कापड चढवत. ते काम कारागिराची बायको करी. बैठकीवर आणि बिबट्याच्या पाठीवर मणी, पाय मात्र उघडे, अशी पद्धत होती.

"यंदा पायही मढव," कारागीर तिला म्हणाला.

"पाय कशाला?"

"शोभा येईल."

तिनं स्टूल मांडीवर घेतलं, एकेका पायावरून अंगठा फिरवला. चौथ्या पायाशी अंगठा थांबला.

"कधी झालं हे?" तिनं विचारलं.

तो पटाशी पुसू लागला.

"अहो, सांगून टाका. यावर कोळी बसवा आणि आईसाहेबांना सांगा. नाहीतर नवं करा. त्या बाबांकडे दुसरा ओंडका आहे की."

"सणाला आठ दिवस राहिलेत!"

"त्यांनी सोळा दिलेत वर."

"तुला कळत नाही," तो चिडून म्हणाला. "राजा काय त्याच्यावर उभा राहून नाचणार आहे? बसेल, उठेल, झालं. जोड भक्कम आहे. ओव तू मणी."

बायको सुईत दोरा ओवत म्हणाली, "ओवते. मी सांगणार नाही कोणाला. चूक तुमची आहे, तोंडही तुमचंच उघडायला हवं. पण मी वाट बघेन." मग तिनं निळे आणि पांढरे मणी ओवून चारही पाय मढवले, आणि त्या आठ दिवसांत ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलली.

सणाचा दिवस आला. सगळं राज्य मैदानात जमलं. ढोल वाजले. मैदानाच्या मध्यभागी स्टूल ठेवलं होतं, आणि ते उन्हात असं झळकत होतं की लोकांनी नुसतं ते बघूनच गलका केला. कारागीर पहिल्या रांगेत आपल्या स्टुलावर बसला होता. लोक येऊन त्याचा हात हातात घेत होते. त्याचा तळवा ओला झाला होता, पण त्यांना वाटलं उन्हानं.

तरुण राजा आला आणि बसला. काही झालं नाही.

मग राज्यातला सगळ्यात वयस्क माणूस, एक आंधळा म्हातारा, राजाला नमस्कार करायला पुढे आला. त्यानं राजाच्या उजव्या हाताशी गुडघे टेकले, आणि त्याला उठता येईना. राजा स्वभावानं चांगला होता. त्यानं बसल्या जागेवरूनच उजवीकडे वाकून म्हाताऱ्याला दोन्ही दंडांना धरलं आणि वर ओढलं. दोघांचाही भार बिबट्याच्या त्या जोडलेल्या पायावर आला.

कट् असा तोच आवाज झाला. फक्त या वेळी तो सगळ्या राज्यानं ऐकला.

राजा धुळीत पडला. त्याचा पाय मुरगळला. आंधळा म्हातारा त्याच्या अंगावर पडून ओरडू लागला, "काय झालं? मी काय केलं?" मण्यांचा दोरा तुटला, आणि निळे-पांढरे मणी घरंगळत लोकांच्या पायांशी गेले. ढोल थांबले. ज्याला आसनानं खाली टाकलं, तो राजा कसा व्हायचा, हा प्रश्न एकाच वेळी हजार तोंडांवर दिसला.

कारागीर धावत पुढे गेला. राजाला उचलायला नव्हे. त्यानं झटकन स्टुलाचे तुकडे आपल्या वस्त्रात गुंडाळले आणि गाठ मारली. लोकांना वाटलं, केवढी तळमळ!

"लाकूड कुजकं होतं!" एक मानकरी ओरडला. "एवढ्या कारागिराचं काम असं मोडेल होय?"

राजाच्या कारभाऱ्यानं कारागिराला विचारलं, "लाकूड कोणी आणलं होतं?"

मुलांनो, इथे नीट लक्ष द्या. कारागीर खोटं बोलला नाही. त्याला जे विचारलं, तेवढ्याचंच त्यानं उत्तर दिलं.

"लाकूड... बाबांनी आणलं होतं," तो म्हणाला.

शब्द सगळे खरे होते. आणि त्याहून मोठं खोटं त्या मैदानात त्या दिवशी कोणी बोललं नाही.

गर्दीतून म्हातारा लाकूडतोड्या पुढे आला. पाठीला स्टूल बांधलेलं होतं. त्यानं ते खाली ठेवलं, पण त्यावर बसला नाही.

"मीच आणलं," तो म्हणाला. "मला चांगलं वाटलं होतं. ठोकून बघितलं, कान लावून बघितला. पण आता वय झालंय. कानानं दगा दिला असेल. माझ्यामुळे महाराज पडले."

तो रडला नाही. नुसता आपल्या बोटांकडे बघत राहिला, ज्या बोटांनी तो लाकडावर टकटक करीत असे. कारागिरानं ते पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

त्या राज्यातल्या न्यायाला फार वेळ लागत नसे. म्हाताऱ्याचं स्टूल दुसऱ्या दिवशी सकाळी पालथं घालायचं ठरलं. आणि रीत अशी, की स्टूल ज्यानं कोरलं असेल, त्यानंच ते आपल्या हातानं पालथं घालायचं. बाकी कोणी त्याला हात लावायचा नाही.

सकाळी म्हाताऱ्याच्या अंगणात लोक जमले. राजा दोघांच्या खांद्यांचा आधार घेत आला. राजमाता आली. म्हाताऱ्यानं अंगण झाडून ठेवलं होतं, पाहुणे यायचे असले की झाडतात तसं. स्टूलही ओल्या फडक्यानं पुसून ठेवलं होतं. ते त्यानं मध्यभागी आणून ठेवलं आणि बाजूला उभा राहिला.

कारागीर पुढे झाला. त्यानं स्टुलाला हात घातला. तीस वर्षांत त्यानं त्या स्टुलाकडे नीट पाहिलंही नव्हतं. लाकूड बसून बसून गुळगुळीत झालं होतं. त्यानं ते उचललं, उलटं केलं, आणि त्याचे हात तिथेच थांबले.

बुडाला एक लांब भेग होती. पार काठापासून मध्यापर्यंत. आणि त्या भेगेवर एक कोळी कोरलेला होता. अगदी कच्च्या हाताचा. पोट वाकडं. आणि पाय सात.

त्याला सगळं आठवलं. आपलं पहिलं स्टूल, शेवटच्या दिवशी गेलेली भेग, आणि आपण ढसाढसा रडलो ते. गुरूंनी त्याचे डोळे पुसले नव्हते. पटाशी हातात देऊन म्हणाले होते, "कोळी काढ, आणि ज्याचं आहे त्याला जाऊन सांग." रडत रडत काढला, म्हणून एक पाय राहून गेला. मग तो याच अंगणात आला होता. तेव्हा हा लाकूडतोड्या म्हातारा नव्हता. त्यानं स्टूल उलटं करून बघितलं होतं, बोटानं पाय मोजले होते.

"सातच आहेत की रे," तो म्हणाला होता. "असू दे. तू सांगितलंस ना? मग बसतो मी यावर."

आणि तो तीस वर्षं बसला. भेग असलेल्या स्टुलावर. एकदाही कोणाला न सांगता, एकदाही नवं न मागता. कारागीर जगाला बिनकोळ्याची स्टुलं दाखवत फिरत होता, तेव्हाही हा त्याचा कोळी पाठीवर घेऊन त्याच्यासमोरच बसत होता, आणि त्यानं कधी एका शब्दानं आठवण करून दिली नाही.

कारागिराला लाज वाटली. अशी, की अंगावर कपडा असून नसल्यासारखं झालं. धरणी पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं. पण धरणी असल्या वेळी कोणालाच पोटात घेत नाही. ती तशीच पायाखाली घट्ट राहते.

म्हातारा जवळ आला. त्याला वाटलं, कारागिराला आपली दया येतेय.

"घाल बाबा पालथं," तो हळूच म्हणाला. "लवकर आटप. मी तुला दोष नाही देत." मग त्यानं विचारलं, "फक्त एक करशील? ते लाकूड कुठे कुजलं होतं, तेवढं मला दाखव. काल रात्रभर आठवतोय, मला काही आठवेना. दाखवलंस, तर पुढच्या झाडाच्या वेळी तरी मला कळेल."

कारागिरानं स्टूल छातीशी धरलं. मग फार काळजीपूर्वक, सरळ, बैठक वर आणि बूड खाली असं जमिनीवर ठेवलं.

"लाकूड कुठेच कुजलेलं नव्हतं," तो म्हणाला.

त्याचा आवाज इतका बारीक निघाला, की मागच्या लोकांनी विचारलं, "काय म्हणाला? काय म्हणाला?"

त्याला पुन्हा सांगावं लागलं, मोठ्यानं. लाजेची गोष्ट एकदा सांगणं कठीण, दोनदा सांगणं त्याहून कठीण.

"लाकूड चांगलं होतं! पाय माझ्या हातून तुटला. मी दाखवण्याच्या नादात होतो. तो खुंटीनं जोडला, राळ भरली आणि मण्यांनी झाकला. काल विचारलं तेव्हाही मी हे सांगितलं नाही. बाबांचं काही चुकलेलं नाही."

गर्दीत त्याची बायको उभी होती. तिच्या हातात ते गाठोडं होतं, काल त्यानं मारलेल्या गाठीसकट. तिनं ते घरून आणलं होतं, पण उघडलं नव्हतं. ती पुढे आली आणि तिनं ते नवऱ्याच्या पायाशी ठेवलं. त्यानं स्वतः गाठ सोडली. तुटक्या पायातून खुंटीचं टोक बाहेर आलेलं होतं. ते त्यानं वर धरून सगळ्यांना दाखवलं. एकेकाळी तो असंच स्टूल वर धरून दाखवीत असे.

कोणी हसलं नाही. ज्या हसण्याच्या भीतीनं त्यानं हे सगळं केलं होतं, ते हसू त्या दिवशी आलंच नाही. लोक खाली बघू लागले.

राजमातेनं विचारलं, "मी तुला सोळा दिवस दिले होते. ते कशाला पुरले नाहीत?"

"पुरले असते, आईसाहेब," कारागीर म्हणाला. "मी मागितले नाहीत."

तरुण राजा दुखरा पाय सावरत पुढे आला. "मी पडलो, त्याचं मला फार नाही," तो म्हणाला. "पाय बरा होईल. पण राज्यातल्या एका खऱ्या माणसाचं स्टूल मी आज पालथं घालायला निघालो होतो. त्याची लाज माझ्याही वाट्याला आली आहे. तुझं स्टूल आण."

कारागीर घरी गेला आणि आपलं स्टूल घेऊन आला. त्याचं स्टूल त्यानं स्वतःच कोरलं होतं. म्हणून पालथंही त्यानंच घालायचं होतं. म्हाताऱ्याच्या अंगणात नव्हे, स्वतःच्या अंगणात, म्हणून सगळे उठून त्याच्यामागून चालत गेले. तिथे त्यानं ते पालथं घातलं. बूड आरशासारखं गुळगुळीत होतं. एकही कोळी नाही.

मग म्हाताऱ्याच्या माळ्यावरून दुसरा ओंडका काढला. राजा सोळा दिवस चटईवर बसला आणि त्यानंतर आणखी सोळा. आभाळ कोसळलं नाही. कारागिरानं जमिनीवर बसून नवा बिबट्या कोरला. कोणी बघायला आलं, तरी त्यानं मान वर केली नाही. या वेळी हात कुठेच चुकला नाही. तरीही राजानं सांगितलं, की बुडाभोवती कोळी कोर, सगळ्यांना दिसतील असे. मी कशावरून पडलो, ते माझ्या नातवंडांनाही कळू दे. मग तो त्या स्टुलावर बसला, आणि रीतीप्रमाणे राजा झाला.

म्हाताऱ्यानं त्याला क्षमा केली. पहिल्याच दिवशी केली. पण एक गोष्ट पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. पूर्वी म्हातारा ओंडक्यावर एकदा टकटक करून "चालेल" म्हणे. आता तो तीनदा, चारदा ठोकू लागला. कान लावी, काढी, पुन्हा लावी, आणि मग कारागिराकडे बघून विचारी, "चालेल ना रे?"

"चालेल, बाबा," कारागीर म्हणे. प्रत्येक वेळी त्याची मान खाली जाई. म्हाताऱ्याचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडाला होता, आणि तो कोणत्याही पटाशीनं परत कोरून देता येत नव्हता.

काही वर्षांनी राजानं निरोप पाठवला, की पुरे झालं, आता स्टूल सरळ कर. कारागीर अंगणात गेला. पावसानं बूड काळवंडलं होतं. त्यानं ते सरळ केलं नाही. घरातून पटाशी आणली, पालथ्या स्टुलाशी जमिनीवर बसला, आणि त्या गुळगुळीत बुडाच्या मधोमध एक कोळी कोरला. सावकाश, एकेक पाय मोजत. आठ. मग तो म्हाताऱ्याकडे गेला, आणि आपल्या तोंडानं सांगितलं, "बाबा, इथे माझा हात चुकला होता."

त्यानंतर त्यानं ते स्टूल सरळ केलं, पण मरेपर्यंत तो त्यावर बसताना आधी खाली वाकून बुडाला हात लावीत असे.

बोध एवढाच, की चूक ज्याच्या हातून झाली त्यानंच ती त्याच दिवशी आपल्या तोंडानं सांगावी, कारण झाकलेल्या चुकीचा भार नेहमी निरपराध माणसाच्या पाठीवर पडतो.